बाटलीवरचं फूल

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

साताऱ्याच्या आमच्या घरात अजून एक लाकडी पेटी आहे. अब्बांची होमिओपॅथीची पेटी. अब्बा व्यवसायानं शिंपी. पण त्या काळी गावोगावी असे पुष्कळ लोक होते, कुणी शाळामास्तर, कुणी पोस्टातला कारकून, जे पुस्तकं वाचून होमिओपॅथी शिकायचे आणि आल्यागेल्याला साखरेच्या बारीक गोळ्या फुकट द्यायचे. अब्बा त्यांतलेच. सदऱ्याचं माप घेता घेता ते गिऱ्हाईकाच्या खोकल्याचीही चौकशी करायचे. मशीनच्या एका बाजूला काजं-बटणांचा डबा, दुसऱ्या बाजूला ही पेटी.

त्या पेटीत एक तपकिरी बाटली होती. तिच्यावर लिहिलेलं होतं ‘एकिनेशिया’. आम्हा पोरांना गळू झालं की अब्बा पाण्यात त्याचे थेंब टाकून कापसानं जखम पुसायचे. एकदा मी विचारलं, ‘‘अब्बा, एकिनेशिया म्हणजे काय?’’ ते म्हणाले, ‘‘अमेरिकेतलं फूल आहे. जांभळं असतं म्हणे.’’ त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. पुढेही त्यांना पाहायला मिळालं नाही.

१९८२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. भातलावणीसाठी आम्ही सगळे जावळी तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी होतो. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला नुसतं ‘भाई’ म्हणायचो, संध्याकाळी खाचरातून परत येताना बांधावर त्याला घोणस चावली. गावातल्या एका जाणत्यानं कसलीशी मुळी उगाळून लावली. मग चाचा त्याला उचलून अब्बांकडे घेऊन आले. अब्बांनी कंदील जवळ ओढला आणि त्यांचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं. ‘एकिनेशिया’ या नावाखाली सर्पदंशाचा उल्लेख होता. अब्बांनी थेंब दिले, जखमेवर त्याच औषधाची पट्टी ठेवली आणि भाईच्या उशाशी बसून राहिले. वाट पाहण्यात तास गेला, कदाचित दीड तास. सूज मांडीपर्यंत चढली तेव्हा जीपगाडी शोधायला माणसं पळाली. साताऱ्याला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. डॉक्टर रागावले नाहीत. ‘‘लवकर आणायला हवं होतं,’’ एवढंच म्हणाले.

अब्बांनी गोळ्या देणं पुढे चालू ठेवलं. पण ती बाटली त्यांनी पुन्हा उघडली नाही, आणि टाकूनही दिली नाही. २००४ साली ते गेले. पेटी माझ्याकडे आली, तेव्हा तळाशी एक सुकलेला तपकिरी डाग तेवढा उरलेली ती बाटली आत होतीच.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. पण आमच्या लेखी इतिहास म्हणजे शिवकाल, पेशवाई आणि फार तर फ्रेंच राज्यक्रांती. एका बाटलीलाही इतिहास असतो हे तेव्हा डोक्यात आलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र एक प्रश्न मला सोडीना. पुस्तकातली ती ओळ कुठून आली? सर्पदंशावर हे फूल चालतं, असं प्रथम कुणी म्हटलं, आणि ते साताऱ्याच्या शिंप्यापर्यंत कसं पोचलं? आज तुम्हाला सांगणार आहे तो हा प्रवास.

हे फूल उत्तर अमेरिकेतलं. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळातलं. इंग्रजीत त्याला ‘कोनफ्लॉवर’ म्हणतात, कारण मधला भाग शंकूसारखा वर उचललेला असतो आणि भोवतीच्या जांभळट गुलाबी पाकळ्या खाली झुकलेल्या असतात. तो शंकू हाताला चांगलाच टोचतो. म्हणून १७९४ साली कॉनराड म्यंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला ‘एकिनेशिया’ हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘एकिनोस’ म्हणजे अंगावर काटे असलेला साळूसारखा छोटा प्राणी. त्याआधी १७५३ मध्ये लिनियसनं हेच फूल ‘रुडबेकिया’ या वंशात घातलं होतं. रुडबेक हे त्याच्या गुरूंचं आडनाव.

पण ज्यांच्या जमिनीवर हे फूल उगवत होतं, त्यांनी त्याचं बारसं कितीतरी आधी केलेलं होतं. ओमाहा लोकांच्या भाषेतल्या एका नावाचा अर्थ ‘कंगव्याचं झाड’ असा होतो, कारण वाळलेल्या काटेरी बोंडानं केस विंचरता येत. मेल्विन गिलमोर या अभ्यासकानं मिसूरी नदीच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांच्या वनस्पतिज्ञानाची नोंद केली. ती १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात या झाडाचे अनेक उपयोग आहेत. दातदुखीवर मुळी चावायची, कीटकाच्या दंशावर लावायची, सापाच्या विषावरही वापरायची. काही जादूगार तिचा रस तोंडाला लावून जळता निखारा तोंडात धरून दाखवत, असंही त्यात आहे.

हे वाचताना मला आपला अक्कलकारा आठवला. दाढ दुखली की आजी त्याचं पिवळं बोंड चावायला द्यायची आणि क्षणात जीभ झिणझिणून बधिर व्हायची. एकिनेशियाची मुळी चावली तरी तसंच होतं. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, आणि दोन्हींत अल्कामाइड नावाच्या एकाच गटातली द्रव्यं आहेत. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन आज्यांनी दुखऱ्या दाताला एकच उतारा शोधला होता. तेव्हा मूळ रहिवाशांचं हे ज्ञान भाकड नव्हतं. जिभेवर तपासून घेतलेलं होतं. सापाचा उपयोग मात्र जिभेवर तपासता येत नाही, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेब्रास्कातल्या पॉनी सिटी या गावी एच. सी. एफ. मायर नावाचा, जर्मनीतून आलेला एक औषधविक्या होता. त्यानं या मुळीपासून ‘मायर्स ब्लड प्युरिफायर’, म्हणजे रक्तशुद्धीचं औषध, विकायला काढलं. ही मुळी त्याला मूळ रहिवाशांच्या वापरातूनच कळली, असं मानलं जातं. पण तिच्यासाठी त्यानं जे दावे केले, ते त्याचे स्वतःचे होते. औषध कशावर चालतं? तर जवळजवळ सगळ्यावर. आणि रॅटलस्नेकच्या दंशावर तर हमखास. १८८५ च्या सुमारास त्यानं सिनसिनाटी शहरातल्या जॉन किंग या वैद्याला आणि जॉन युरी लॉइड या औषधनिर्मात्याला ही मुळी पाठवली. त्यांना विश्वास बसेना. तेव्हा मायरनं कळवलं की, मी तुमच्यासमोर रॅटलस्नेककडून चावून घेतो आणि याच औषधानं बरा होऊन दाखवतो. त्यांनी अर्थातच नकार दिला.

पण झाड त्यांना रस घेण्याजोगं वाटलं. १८८७ मध्ये किंग यांनी त्याविषयी लिहिलं, लॉइड बंधूंच्या कारखान्यात त्याचे अर्क तयार होऊ लागले आणि होमिओपॅथीच्या मंडळींनीही ते उचललं. विल्यम बोरिक यांच्या ज्या पुस्तकानं भारतातल्या हजारो घरगुती वैद्यांना औषधं शिकवली, त्यातही एकिनेशियाखाली सर्पदंश आला. अब्बांनी कंदिलाच्या उजेडात वाचली ती ओळ हीच.

बघा, एक दावा कसा प्रवास करतो! ज्या माणसांच्या आसपास दुसरा काहीच इलाज नव्हता, त्यांनी केलेला एक उपाय. तो विक्रेत्याच्या हाती पडला आणि त्याची जाहिरात झाली. जाहिरातीचा लेख झाला, लेखाचं पाठ्यपुस्तक झालं. प्रत्येक मुक्कामावर शंका गळत गेली आणि खात्री वाढत गेली. शेवटच्या मुक्कामावर फक्त एक शब्द उरला, आणि तो छापील होता. छापील शब्दावर अब्बांचा फार विश्वास.

मग इतकी वर्षं कुणाला हे खोटं का वाटलं नाही? त्याचं उत्तर सापाकडेच आहे. विषारी साप प्रत्येक दंशात विष सोडतोच असं नाही. कधी दात लागतात, पण विष जात नाही. कधी थोडंच जातं. अशी माणसं काहीही न करता वाचतात. वाचली की श्रेय मुळीला, मंत्राला किंवा थेंबांना मिळतं. जी वाचत नाहीत, ती सांगायला येत नाहीत. भाई सांगायला आला नाही.

असं नाही की तेव्हाही शंका घेणारे नव्हते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९०९ मध्येच हे औषध निरुपयोगी ठरवलं होतं. तरी ते चाललं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या गेरहार्ड माडाउस यांनी त्याचं बी अमेरिकेतून मागवलं. त्यांना हवी होती अरुंद पानांची जात, आणि बी निघालं जांभळ्या फुलांच्या, रुंद पानांच्या जातीचं. त्यांनी तेच लावलं आणि त्याचंच औषध काढलं. म्हणजे आज जगभर जी जात सर्वांत जास्त लावली जाते, तिच्या औषधी कीर्तीमागे एक चुकून आलेली पुडी आहे. आता सर्दीवर लोक ते घेतात. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं चोवीस चाचण्या एकत्र तपासल्या. सर्दी झाल्यावर ते घेतल्यानं फायदा होतो, असं सिद्ध झालं नाही. सर्दी टाळण्यात झाला तर अगदी किरकोळ होत असावा, एवढाच निष्कर्ष निघाला. सर्पदंशावर तर कोणत्याही मुळीचा उपयोग नाही. तिथे एकच औषध, सर्पविषावरची लस. १९८२ साली ती मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होत होती. आमच्यापासून ती फार दूर नव्हती. दूर होतो आम्ही.

औषधाच्या कीर्तीचा दुसरा भुर्दंड फुलानं भरला. माळावरची झाडं मुळासकट खणून पोत्यांनी विकली जाऊ लागली. १९९० च्या दशकात मागणी वाढली तेव्हा तर कुदळी घेऊन माणसं गवताळ प्रदेशात उतरली. सुदैवानं काही ठिकाणी जमिनीत राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातून झाड पुन्हा फुटतं. कॅन्ससमध्ये झालेल्या अभ्यासात खणलेल्या झाडांपैकी जवळपास निम्मी अशी परत आलेली दिसली.

हे फूल मी पहिल्यांदा पाहिलं ते २०२३ च्या जून महिन्यात. माझी मुलगी आणि जावई टेनेसी राज्यात नॅशव्हिलला राहतात. शहराच्या पूर्वेला काऊचव्हिल नावाची एक राखीव जागा आहे. मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, चला, तुमच्या बाटलीतलं फूल दाखवते.’’ गाडीतून उतरलो आणि थबकलोच. मला वाटलं होतं, बाग असेल. समोर होता सडा! कास पठारावर असतो तसा, खाली सलग कातळ आणि वर बोटभर माती. कासचा कातळ जांभ्याचा, इथला चुनखडीचा. भोवती सीडारची बुटकी झाडं. उन्हात तापणारा, पावसात क्षणभर भिजणारा उघडा माळ. आणि त्यावर ती गुलाबी जांभळी फुलं.

इथली जात फक्त याच भागात होते. अवघ्या तीन जिल्ह्यांत, जगात दुसरीकडे कुठेही नाही. १८७८ मध्ये नॅशव्हिलच्या ऑगस्टिन गॅटिंगर या डॉक्टरांनी तिचा नमुना गोळा केला. पुढे ती दिसेनाशी झाली आणि नामशेष झाली असंच धरून चालले. १९६० च्या दशकाच्या शेवटी ती पुन्हा सापडली. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या एल्सी क्वार्टरमन या बाईंनी या सड्यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं होतं. शोधाचं श्रेय त्यांच्याकडे जातं. ज्या जमिनीला लोक नापीक म्हणून कचरा टाकायला वापरत, घरं बांधायला विकत, ती त्यांनी पायी धुंडाळली. १९७९ मध्ये सरकारनं या फुलाला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातलं. जागा विकत घेतल्या, राखल्या, बी रुजवलं. २०११ मध्ये ते यादीतून बाहेर आलं. मेलं म्हणून नव्हे, वाचलं म्हणून. बाईंना ते पाहता आलं. १०३ वर्षांचं आयुष्य जगून २०१४ मध्ये त्या गेल्या.

या जातीच्या पाकळ्या इतर बहिणींसारख्या खाली लोंबत नाहीत, किंचित वर उचललेल्या असतात, आणि फुलांची तोंडं पूर्वेकडे असतात. अमेरिकेतून मक्का ईशान्येला धरतात. माझी पत्नी त्या माळाकडे पाहत म्हणाली, ‘‘थोडीशी वळली असती तर आपल्या सफेतच बसली असती.’’ आम्ही हसलो. मग मला अब्बांची आठवण झाली आणि मी थोडा वेळ बाजूला जाऊन उभा राहिलो.

तिथून बी आणलं नाही. राखीव जागेतलं काही उचलायचं नसतं, आणि परदेशातून बी पिशवीत घालून आणणं आपल्या कायद्यातही बसत नाही. परत आल्यावर पुण्याच्या एका बियाणेवाल्याकडून जांभळ्या जातीचं बी घेतलं. पहिल्या वर्षी मी नेहमीचा शहाणपणा केला. पाऊस पडला की लावायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. भरपूर शेणखत घालून जूनमध्ये रोपं जमिनीत लावली. साताऱ्याच्या पावसात दोन आठवड्यांत सगळी बुडाशी कुजली. सड्यावर उभं राहून आलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. या झाडाला पाणी चालतं, साचलेलं पाणी चालत नाही.

दुसऱ्या वर्षी शिकलो. आपल्याकडे लावायचं असेल तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात बी टाकावं. जांभळ्या जातीचं बी असंच रुजतं. अरुंद पानांच्या जातीचं मात्र ओल्या वाळूत मिसळून चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, कारण तिकडच्या हिवाळ्याशिवाय ते जागं होत नाही. कुंडीत तिसरा हिस्सा जाड वाळू घालावी. बी वर हलकी माती भुरभुरून झाकावं. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. ऊन दिवसभराचं हवं. खत बेतानं, नाहीतर झाड नुसतं उंच वाढून लवंडतं. जमिनीत लावलं तर दोन रोपांत हातभर अंतर ठेवावं. पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्यावी. वांग्यावर तुडतुड्यांमुळे पर्णगुच्छ येतो, तसाच एक रोग यालाही होतो; फूल हिरवं, वेडंवाकडं होतं. त्याला औषध नाही. झाड उपटून टाकावं. आणि घाई करू नये. बियापासून केलेलं झाड बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतं.

माझं तसंच फुललं. गेल्या उन्हाळ्यात एकाच दांड्यावर एक फूल आलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे चाचा आमच्याकडे आले होते. भाईचे वडील. ओट्यावर बसून त्यांनी बराच वेळ त्या फुलाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘हे कशावर चालतं?’’

मी त्यांना सगळं सांगायला हवं होतं. मायर, लॉइड, बोरिक, ती छापील ओळ. त्या रात्री अब्बांच्या हातून जे झालं, त्यामागे किती माणसं आणि किती वर्षं उभी होती, ते सगळं. पण मी एवढंच म्हणालो, ‘‘कशावरही नाही, चाचा. नुसतं बघायचं.’’

चाचा म्हणाले, ‘‘तुझ्या अब्बाला मी कधी बोल लावला नाही. त्यालाच वाटत राहिलं.’’ मग फुलाच्या शंकूला बोट लावून ते म्हणाले, ‘‘टोचतं की रे!’’

मी हे सारं आता सांगतो आहे, कारण चाचांना तेव्हा सांगितलं नाही, आणि अब्बांना सांगायची वेळ निघून गेली. श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी अशी पेटी असेल, असं पुस्तक असेल, तर त्यांना एवढीच विनंती. फुलं जरूर लावा. आणि साप चावला तर काहीही उगाळू नका, काहीही पाजू नका. माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

बाटली मी अजून टाकलेली नाही. ती पेटीतच आहे. कुंडी ओट्यावर आहे.